साबणाच्या वडीवर उभे राहिलेले गाव

लिव्हरपूलहून निघालेली लोकल मर्सी नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे जाते आणि थोड्याच वेळात पोर्ट सनलाइट हे स्थानक येते. पहिल्यांदा ती पाटी वाचून मला हसू आले, कारण माझ्या लेखी सनलाइट म्हणजे धुण्याच्या दगडाशेजारची पिवळी वडी.

हे गाव वसवणारा विल्यम लीव्हर हा बोल्टनच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्या काळी दुकानदार साबणाच्या लांब लादीतून तुकडा कापून तो वजनावर विकत असे. लीव्हरने ठरावीक मापाच्या वड्या कागदात गुंडाळून, त्यांवर नाव छापून विकायला सुरुवात केली. 1885 मध्ये त्याने भाऊ जेम्स याच्यासह वॉरिंग्टन येथे कारखाना चालवायला घेतला आणि तिथली जागा अपुरी पडल्यावर 1888 मध्ये या दलदलीच्या जमिनीवर नव्या कारखान्याची व गावाची पायाभरणी झाली. सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, तेही त्याच वर्षी.

सुमारे तीस वास्तुविशारदांनी रेखलेली इथली घरे आजही देखणी आहेत. मात्र ती ज्या विचारातून उभी राहिली, तो मला अस्वस्थ करतो. नफ्यातला वाटा कामगारांच्या हाती रोख दिला तर तो दारूत, मिठाईत आणि नाताळच्या मेजवानीत जाईल, म्हणून त्या पैशातून आपणच त्यांच्यासाठी चांगली घरे बांधावीत, अशी लीव्हरची धारणा होती. घर नोकरीला बांधलेले असल्यामुळे नोकरी गेली की घरही जाई. घरांपुढच्या बागांची निगा कंपनीने स्वतःकडे घेतली, कारण रहिवासी तिथे कोंबड्या पाळू लागले होते आणि कपडे वाळत घालत होते. साबणाच्या गावात धुणे दिसू नये, हा नियम मला मोठा मासलेवाईक वाटला.

गावाच्या मध्यभागी पत्नीच्या स्मरणार्थ त्याने उभारलेले, 1922 मध्ये खुले झालेले लेडी लीव्हर कलादालन आहे. तिथे फ्रिथ या इंग्लिश चित्रकाराचे, नवा झगा दाखवणाऱ्या मुलीचे चित्र आहे. ते विकत घेऊन लीव्हरने सनलाइटच्या जाहिरातीत वापरले, तेव्हा चित्रकार नाराज झाला होता.

साबणाला लागणाऱ्या पामतेलासाठी लीव्हरने 1911 मध्ये बेल्जियमच्या सरकारशी करार करून तेव्हा त्या देशाच्या ताब्यात असलेल्या काँगोत विस्तीर्ण जमीन मिळवली. तिथल्या एका वसाहतीचे नाव लीव्हरव्हिल होते. त्या मळ्यांसाठी पामची फळे तोडून आणण्याचे काम स्थानिक लोकांकडून सक्तीने करून घेतले जात होते.