आधी माएदांचे फोटो, मग बिएईच्या टेकड्या

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाणारे बहुतेक जण बिएई या गावी निळ्या तळ्यासाठी उतरतात. मी आणि बहीण जुलैच्या मध्यावर तिथे गेलो ते ताकुशिनकानसाठी. शिंझो माएदा या जपानच्या नावाजलेल्या निसर्ग-छायाचित्रकाराच्या फोटोंचं हे कायमचं दालन.

माएदा (१९२२–१९९८) आधी एका व्यापारी कंपनीत नोकरीला होते. चाळिशी उलटल्यावर ते पूर्णवेळ फोटोग्राफीत उतरले. १९७१ मध्ये जपानचं एक टोक ते दुसरं टोक असा लांबचा प्रवास करताना त्यांना या टेकड्या दिसल्या आणि पुढे ते वर्षानुवर्षं इथे येत राहिले. गावातल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या जागेत १९८७ साली त्यांनी हे दालन उघडलं. शेजारी बर्च झाडांची पांढरीशुभ्र रांग आहे, तिच्यातून जरूर चालून या. प्रवेशाला पैसे नाहीत.

आमचं चुकलं ते क्रमात. सकाळी आधी टेकड्या बघितल्या, त्याही भर उन्हात. सगळं हिरवं, छान, पण सपाट. दुपारी दालनात शिरलो आणि पिकलेल्या लाल गव्हाच्या एका फोटोपुढे पाय थबकले. वर काळंभोर आभाळ आणि खाली जळत्या निखाऱ्यासारखं शेत. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. उताराची प्रत्येक घडी दिसत होती, कारण ऊन वरून नाही, आडवं येत होतं. त्यानंतर प्रत्येक फोटोत मी आधी सावली कुठे पडलीय ते बघत गेले. म्हणून सांगते, सकाळी आधी दालन करा, दुपारी आराम करा आणि टेकड्यांवर पाचनंतर जा.

त्यांनी टिपलेलं शेत शोधत मात्र फिरू नका, ते तसंच सापडणार नाही. इथले शेतकरी गहू, बटाटा, बीट, कडधान्यं अशी पिकं आलटूनपालटून घेतात, त्यामुळे गोधडीसारखे दिसणारे शेतांचे तुकडे दरवर्षी रंग बदलतात. मला तरी यात निराश होण्यासारखं काही वाटलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही बाग नाही, लोकांच्या मालकीची शेतं आहेत. कुंपण नसलं तरी बांध ओलांडू नका. बुटांना लागलेल्या मातीतून बटाट्याची कीड एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते आणि मग त्या शेतकऱ्याची काही वर्षं वाया जातात. ‘तत्त्ववेत्त्याचं झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेला कललेला पॉप्लर २०१६ च्या फेब्रुवारीत मालकाने पाडला. झाड म्हातारं झालं होतंच, पण फोटोसाठी शेतात घुसणाऱ्यांनाही तो कंटाळला होता. जानेवारी २०२५ मध्ये ‘सेव्हन स्टार’ या दुसऱ्या प्रसिद्ध झाडाजवळची जवळपास ४० बर्च झाडंही तोडली गेली. आमच्या डोळ्यांदेखत एक कुटुंब बटाट्याच्या फुलांत उभं राहून फोटो काढत होतं. बहिणीने हाक मारून त्यांना बाहेर बोलावलं. तुम्हीही बोला, गप्प बसू नका.

जाण्याचं म्हणाल तर आसाहिकावा शहरातून फुरानो लाइनची रेल्वेगाडी बिएईला साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोचते. गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ लिहून ठेवा. दालन बिएई स्टेशनपासून लांब आहे, त्यापुढचं बिबाउशी स्टेशन त्याहून जवळ. भाड्याची सायकल घ्यायची तर बॅटरीवालीच घ्या. नकाशावर हे चढ कळत नाहीत, साध्या सायकलवर आमच्या पिंढऱ्या भरून आल्या. भाड्याची कार चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, पण शेतरस्त्यांवर गाडी उभी करू नका, ट्रॅक्टर अडतात. बटाट्याची फुलं आणि पिकता गहू जुलैत एकत्र मिळतात, गव्हाची कापणी महिनाअखेरीला सुरू होते. हिवाळ्यात जाणार असाल तर दालनाच्या वेळा आणि सुट्ट्या आधी बघून घ्या.

संध्याकाळी आम्ही पुन्हा सकाळच्याच वळणावर, डांबरी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. सातच्या सुमाराला ढगाखालून ऊन आलं आणि सकाळी सपाट दिसलेल्या त्याच उतारावर एकामागून एक घड्या उमटत गेल्या. पाचेक मिनिटं असेल. बहिणीने कॅमेरा काढलाच नाही.