लिहायच्या तासाला मोबाईल कशाला?

"मॅडम, पोरं आधीच लिहीत नाहीत, त्यात तुम्ही हातात मोबाईल देता. मग लिहितील कधी?" हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारला जातो, परवा तर लग्नाच्या पंगतीतही विचारला. उत्साही शिक्षक वेगळंच विचारतात: "ॲप कोणतं? लिंक पाठवा ना." एकाला वाटतं मी पोरं बिघडवते, दुसऱ्याला वाटतं माझ्याकडे काही जालीम औषध आहे. दोघांनाही आजवर घाईघाईत अर्धंमुर्धं सांगितलं. आता तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतो. ही पोरं आळशी आहेत असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पहाटे उठून मोळ्या वाहणाऱ्या पोराला आळशी म्हणायचं? त्यांना बोलायला सांगा, तास पुरत नाही. लिहायला सांगा, की पाच ओळींत संपतं, आणि त्या पाचातल्या तीन फळ्यावरच्या असतात.

कारण हात मागे पडतो. डोक्यात वाक्य पळत असतं आणि पेन्सिल 'गोष्ट'मधल्या ष्टपाशी अडते. ऱ्हस्व की दीर्घ या विचारात पुढचं वाक्य निसटतं. खोडता खोडता कागद फाटतो, आणि वर माझा लाल पेन. अशा वहीवर कोण प्रेम करेल?

मोबाईल मी या अडणीसाठी आणला. माझा जुना एक, लोकवर्गणीतले दोन टॅब. कीबोर्डवर अक्षरं उच्चाराच्या क्रमानं टाकावी लागतात, हे आधी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कागदावर 'कि'ची वेलांटी क च्या आधी काढतो, इथे आधी क, मग वेलांटी. 'सूर्य' लिहायचा तर र, मग पायमोडकं चिन्ह, मग य, आणि रफार आपोआप य च्या डोक्यावर जाऊन बसतो. चौथीपासून रफार चुकवणारी एक मुलगी त्या दिवशी ओरडली, "मॅडम, र आधी हाय! वर दिसतो, पण आधी हाय!" चार वर्षं मी तेच फळ्यावर सांगत होते. तिला ते बोटानं कळलं.

तोटेही सांगते, लपवत नाही. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो आणि पोरं तोच दाबत जातात. 'माझी आई' या विषयावर तीन जणांची दोन वाक्यं हुबेहूब सारखी आली होती. एकमेकांचं पाहिलं नव्हतं, सूचना मात्र सगळ्यांना सारख्याच मिळाल्या होत्या. मी सूचना बंद केल्या. आणि हेही खरं की सुरुवातीला मोबाईल दिला त्यात माझी दमणूकही होती. चौतीस वह्या तपासून मी थकले होते.

आता ज्याच्यामुळे हे लिहितेय ते.

सहावीत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वर्षभरात वहीत तारीख सोडून काही नाही. पण बोलायला लागला की वर्ग गप्प बसायचा. गूगलच्या कीबोर्डला २०१७ पासून मराठी बोलणं ऐकून लिहिता येतं. मला वाटलं, हे याच्यासाठीच केलंय. एका दुपारी त्याला म्हटलं, फडावरचं, ऊस तोडतात तिथलं सांग. टॅब वर्गातल्या टीव्हीला जोडला होता, म्हणजे त्याला आपले शब्द मोठे दिसतील. तो म्हणाला, "आमी कोपीत ऱ्हातो. माय पहाटं तीनला उठती. मी वाढ्याच्या पेंढ्या बांधतो." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे.

पडद्यावर आलं: आम्ही कॉपीत राहतो. माय पहाट तीनला उठते. मी वाड्याच्या पेढ्या बांधतो.

वर्ग फुटला. "कॉपीत राहतो!" दोघं तर बाकावर आडवे झाले. आणि मी हसले. क्षणभरच, पण त्यानं वर्गाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. हळूच म्हणाला, "मॅडम, याला कोपी माहीत नाही का?"

मी काय बोलले ते मला नीट आठवतं, आणि तेच खुपतं. मी म्हटलं, "अरे, तू शुद्ध बोललास की बरोबर येईल."

कोपी शुद्धच आहे की. चटया आणि बांबूची, वाकून आत शिरावं लागणारी, सहा महिन्यांचं घर. फडावर तिला हाच शब्द. इतकी वर्षं मी या पोरांना शिकवते आणि यंत्राला जे ऐकू आलं नाही त्याचा दोष मी पोराच्या जिभेवर टाकला. लाल पेन वेगळं काय करतो?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो एकटाच टॅब घेऊन बसला होता. माईक बंद. एका बोटानं क शोधला, मग काना-मात्रा, मग प, मग वेलांटी. कीबोर्डनं बदललेला शब्द खोडून पुन्हा लिहिला. 'कोपी'. खाली चार ओळी, सगळ्या त्याच्या भाषेत, 'ऱ्हातो' आणि 'उठती'सकट. मी एकही अक्षर दुरुस्त केलं नाही.

हे मी बरेच दिवस यश म्हणून सांगायचे. पोरगं लिहितं झालं, बघा. आता तसं सांगवत नाही. त्याला टॅबनं लिहितं केलं की अपमानानं? आणि अपमानानं केलं असेल, तर मी हे दुसऱ्या कुणाला कसं सुचवू? मोबाईल नसता तर तो वहीतल्या तारखेपुढे गेलाच नसता, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं, मोबाईल नसता तर त्या दुपारी कुणी हसलंही नसतं.

दिवाळीनंतर तो गेला. फडावरून बापाच्या फोनवरून मला अकरा व्हॉइस मेसेज आले. मुकादमाशी झालेलं भांडण, व्यालेली शेजारची गाय, रात्री पेटवलेला ऊस. एकही मी लिहून काढलेला नाही. ते काम त्याचं आहे, असं वाटतं. कधी वाटतं, त्यानं विश्वासानं पाठवलेलं मी नुसतंच ठेवून दिलंय.

तो आता सातवीत आहे. वहीत तारीख, खाली 'आमची कोपी' असं शीर्षक, पुढे कोरं पान. काल म्हणाला, "मॅडम, टॅब द्या की." मी दिला नाही, वहीतच लिही म्हटलं. रात्री झोप लागली नाही. आज तास तिसरा आहे, आणि टॅब चार्जिंगला लावलाय.