तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रा उतरवलाच कशाला?

कॅम्पर, म्हणजे ट्रकवर बसवायची आमची मुक्कामाची खोली, दारात उभा दिसला की माणूस त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, पत्र्यावर बोटांनी टकटक करतो आणि म्हणतो, "थोडंसंच गळत होतं ना? मग सगळा पत्रा उतरवलास कशाला? सीलंटची एक नळी मारायचीस." काही जण वर चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसालाही ऐकवतात. आजवर मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत: जुन्या वस्तूंची हौस, हाताला काम हवं होतं, नवा परवडत नव्हता. तिन्ही थोडी थोडी खरी आहेत आणि म्हणूनच ती देताना जीभ अडखळत नाही.

पिकअपच्या हौद्यात बसणारा, छत वर ढकललं की कापडी भिंतींनी उंच होणारा कॅम्पर कसा असतो, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की नळी मी मारली होती. एक नव्हे, चार वर्षं मारत होतो.

सिलिकॉन. कोपऱ्याच्या पट्ट्यांना, खिडकीभोवती, छतावरच्या व्हेंटला. पहिल्या वर्षी गळती थांबली, दुसऱ्या वर्षी दुसरीकडून आली. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, रंगही धरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी केलेली खरी चूक त्याहून मोठी. पाणी वरून कुठून तरी आत शिरत होतं आणि भिंतीतून उतरून खालच्या पट्टीच्या फटीतून निघून जात होतं. मला दिसायची ती खालची फट. ती मी इमानेइतबारे बुजवली. पाणी यायला मोकळं, जायला बंद. आतल्या पॅनलवर बशीएवढा डाग उमटला, तेव्हा त्यावर मी कॅलेंडर टांगलं.

विकत घेतानाच एका मित्राने सांगितलं होतं, चारी कोपऱ्यांत खालून स्क्रूड्रायव्हर खुपसून बघ. बघितलं नाही. तेव्हाच्या मला आज विचारलं तर तो म्हणेल, पत्रा चांगला दिसत होता, विनाकारण भोक कशाला पाडायचं? खोटं बोलतो. स्क्रूड्रायव्हर आत गेला असता तर कॅम्पर घेता आला नसता, आणि त्याला तो घ्यायचा होता.

आता त्या दिवसाचं सांगतो.

कॅम्पर ट्रकवरून उतरवायचा होता. पद्धत सोपी आहे. चार कोपऱ्यांना चार जॅक, थोडे थोडे फिरवून कॅम्पर हौद्यातून वर उचलायचा, मग ट्रक खालून पुढे काढायचा. चारही कोपरे सारखे वर जायला हवेत, म्हणून मुलगी पाणसळ (सपाटी बघायची, आत बुडबुडा असलेली पट्टी) घेऊन पुढच्या उजव्या कोपऱ्याशी उभी होती. अकरा वर्षांची. पाणसळ तिने हौद्याच्या काठावर, कॅम्परच्या बाहेर आलेल्या कडेखाली टेकवली होती आणि दुसरा हात त्याच काठावर. खरं तर पाणसळ कॅम्परच्या आतल्या ओट्यावर ठेवायची असते. मी तिला सांगितलं नव्हतं. कॅम्पर जेमतेम वीतभर वर आला होता.

ती म्हणाली, "बाबा, बुडबुडा हललाच नाही." मी म्हटलं, "नीट बघ." ती बघायला वाकली आणि डोळ्यांवर आलेले केस मागे सारायला काठावरचा हात उचलला.

मोठा आवाज झाला नाही. हेच मला अजून आठवतं. ओल्या पुठ्ठ्यातून खिळा उपटावा तसा एक बारीक आवाज, आणि तो कोपरा खाली आला. जॅक जागच्या जागी उभाच होता, त्याची पट्टी आणि लांबलचक स्क्रूंसह. स्क्रू मोडले नव्हते, वाकलेही नव्हते, नुसते निघून आले होते. कॅम्परची कड हौद्याच्या काठावर बसली आणि मधे पाणसळ चेपली गेली. काच फुटून आतलं हिरवं पाणी पत्र्यावरून ओघळलं.

मुलीने आधी पाणसळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. मग जॅकच्या स्क्रूला बोट लावलं. आट्यांमध्ये चहाच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी भरलं होतं. म्हणाली, "बाबा, ह्याच्या आत लाकूडच नाहीये."

मी तिच्यावर ओरडलो. तिथे उभीच का राहिलीस, म्हणून. तिथे तिला मीच उभं केलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

बरं, आता पत्रा. दुसऱ्या दिवशी उतरवला. कोपऱ्याच्या पट्टीतली प्लास्टिकची दोरी ओढली, स्क्रू काढले, पिना उपटल्या. खालची पुटी बिस्किटासारखी वाळून तडकली होती. आतली काचलोकर ओल्या गोधडीसारखी खाली गोळा झालेली. आणि फटींतून आत ढकललं गेलेलं माझं सिलिकॉन, पांढऱ्या अळ्यांसारखं, चार वर्षांचे चार थर. पाणी शिरत होतं वर, कॅम्परच्या कपाळावरच्या छोट्या दिव्याच्या एका गंजलेल्या स्क्रूतून. तिथलं लाकूड ठणठणीत होतं. कुजलं होतं ते पाच फूट खाली, जिथे मी वाट बंद केली होती.

दीड इंची पट्ट्यांचा तो सांगाडा मुळात पिनांनीच जोडलेला. सांगाडा पत्र्याला धरून नव्हता, पत्राच सांगाड्याला धरून होता. म्हणून जे म्हणतात "फक्त तो कोपरा बदलायचास", त्यांना एवढंच सांगतो: एका कोपऱ्याचा पत्रा सोडवला की शेजारची भिंत हलते, आणि ती हलली की तिच्यातलंही दिसतं. न बघितल्यासारखं करायची सवय होती, पण त्या वेळी जमलं नाही.

नव्या सांगाड्यात पिना नाहीत. अर्ध्यावर अर्धं खाचून, गोंद आणि स्टेनलेस स्क्रू. आधी मी उत्साहाने कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड आणलं होतं. नशीब, लावण्याआधी कळलं, की त्या औषधात तांबं असतं, आणि ओल लागली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. ते लाकूड बागेच्या कुंपणाला गेलं. पुटीच्या जागी ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, जी वाळत नाही. सिलिकॉन कुठेही नाही.

पत्र्याबाबतीत मात्र हट्ट नडला. जुना पत्रा नागमोडी होता. मला सपाट, अखंड, बारा फुटी हवा होता. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं. बारा फुटांचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने ३ मिलिमीटरहून जास्त लांबतो. गार सकाळी मी तो कडेपर्यंत गोंदाने घट्ट चिकटवला. दुपारी तो लाटांनी भरून गेला. नागमोडी पत्र्याच्या वळ्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या, हे तेव्हा उमगलं. लाटा अजून आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या दिसतात आणि तुम्ही सगळे त्यावरून न चुकता हात फिरवता. फिरवा.

आणि वजन. अख्खा कॅम्पर आधीपेक्षा ४० किलो जड झाला, त्यातले १२ छतात. मी छताला जाड प्लाय घातला, कारण पाणी साचून मधे बाक येत होता. तो बाक गेला, पण आता छत बायकोला एकटीने उचलत नाही. पूर्वी ती एका खांद्याने उचलायची. गॅसचे दांडे लावून दिले, तरी सुरुवातीचा जोर लागतोच. "आधी मी एकटी जाऊ शकत होते," ती एकदा म्हणाली. भांडण नव्हतं, नुसतं म्हणाली. मी पेलोडचा, म्हणजे ट्रकला पेलवणाऱ्या वजनाचा, हिशोब सांगायला लागलो: ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा, वजन मागच्या चाकांच्या पुढे कसं पडतं वगैरे. ती ऐकून घेत होती.

तर, पत्रा उतरवायला हवा होता का? कोपरा निखळल्यावर हवाच होता. त्याच्या आधी चार वर्षं, एका दिव्याचा एक स्क्रू बदलला असता तर कदाचित नाही. तुमची नळी चुकीची नव्हती, मी ती भलत्या जागी मारत होतो. की तेव्हाही आत कुजलेलंच होतं? घेतानाच? स्क्रूड्रायव्हर खुपसला नाही, त्यामुळे ते आता कळायची सोय नाही.

हल्ली मी ओल मोजायचा छोटा मीटर वापरतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. जॅक लावताना मजल्याखाली दोन घोड्या आधी सरकवतो. मुलगी आता पंधराची आहे. ती मदतीला येते, पण हात पाठीमागे बांधून उभी राहते, आणि नवी पाणसळ मलाच धरायला लावते.

गेल्या पावसानंतर डाव्या कोपऱ्यात मीटर १२ दाखवत होता, उजव्यात १७. परवा परत बघितलं, उजव्यात १७च.