मूळ डेव्हलपर गप्प झाला, तेव्हा आम्ही सॉफ्टवेअर लायब्ररी कशी चालू ठेवली

तो सोडून गेला असं म्हणताच येत नव्हतं. गेला असता तर सोपं झालं असतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या गुइदो व्हॅन रॉसमने १२ जुलै २०१८ रोजी सरळ लिहून टाकलं, पायथनचं नेतृत्व सोडतोय, वारस नेमणार नाही, पुढचं तुम्ही ठरवा. लोकांनी प्रस्ताव मांडले, मतदान घेतलं आणि २०१९च्या सुरुवातीला पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल निवडूनही आली. आमचा माणूस तसं काही बोलेना. फोनवर मेसेज टाकला की "बघतो या आठवड्यात" आणि पुढे अंगठा. कोड जिथे ठेवलेला होता त्या गिटहबवर मात्र शुकशुकाट.

आमची लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये वापरावा असा तयार कोड, छोटी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणते. याची एवढी गरज कुणाला, असं बाहेरचे विचारतात. त्यांनी जुलैनंतर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत येऊन बघावं. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, सगळ्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते, त्यामुळे डीटीपीवाल्यांकडे अहवालांची रांग लागते. अहवाल करायचा म्हणजे बहुतेक वेळा गेल्या वर्षीची फाइल उघडायची आणि आकडे बदलायचे. ती फाइल असते श्रीलिपीत, नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये. आणि सेक्रेटरींना तोच मजकूर आता व्हॉट्सॲपवरही हवा असतो.

या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, म्हणजे दोन्हीकडे नेमकं उलटं. शिवाय 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र वेगळाच. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर त्याचा बिनदिक्कत रफार करून टाकतात. आमच्या गड्याने हे सगळं एकट्याने, रात्री जागून बसवलं होतं. म्हणूनच त्याच्यावर रागावायला कुणी तयार नव्हतं, आणि रागावत नव्हतो म्हणून निर्णयही होत नव्हता.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून डिस्टयूटिल्स, हे पॅकेजं बांधायचं जुनं साधन, काढून टाकलं गेलं. लायब्ररीत एका जागी, नुसती आवृत्ती तपासायला, ते वापरलं होतं. नव्या मशीनवर लायब्ररी सुरूच होईना. दुरुस्ती एका ओळीची. कुणीतरी पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, पाठवलीही होती. ती मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळायचा, आणि लोक जिथून पायथनची पॅकेजं उतरवतात त्या पायपीआयवर नवी आवृत्ती चढवायचा अधिकार मात्र एकट्या त्याच्याकडे. शेत कसायचं आम्ही आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं, अशी गत.

सोपा मार्ग फोर्कचा, म्हणजे कोडची प्रत काढून ती वेगळ्या नावाने चालवायचा. परवाना एमआयटीचा, त्यामुळे मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर जपला की कायद्याने काही अडत नाही. आम्ही फोर्क केलाच. पण फोर्कमध्ये जुने इश्यू येत नाहीत, आणि 'अमुक फॉन्टमध्ये अमुक जोडाक्षर बिघडतं' अशा तक्रारी हीच तर आमची खरी पुंजी होती. त्यात नाव बदलणार म्हटल्यावर लक्ष्मीपुरीतले एक डीटीपीवाले मामा वैतागले. "माझ्या पोरानं फाइल करून दिल्याय, डबल क्लिक केलं की हुतंय. त्यात जुनंच नाव हाय. मी नवं कुठं हुडकत बसू?" त्यांचं खरं होतं.

पायपीआयवरचं नाव दुसऱ्याकडे कसं जातं याचे नियम पीईपी ५४१ या पायथनच्या दस्तऐवजात आहेत. हे मी आधी वरवर चाळलं होतं. नीट वाचल्यावर घाम फुटला. प्रकल्प सोडून दिलेला ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. मालक संपर्काबाहेर, बारा महिन्यांत नवी आवृत्ती नाही आणि प्रकल्पाच्या पानावर मालकाची हालचाल नाही. पायपीआयची माणसं स्वतः मालकाला किमान तीनदा गाठायचा प्रयत्न करतात आणि सहा आठवड्यांनी थांबतात. अर्जदाराने आपण केलेले फसलेले प्रयत्न दाखवायचे, आपल्या फोर्कमध्ये काय सुधारणा केल्या ते दाखवायचं, आणि वेगळ्या नावाने फोर्क चालवून का भागत नाही हेही पटवायचं. आमची अडचण पहिल्याच अटीत. अंगठा पाठवणारा माणूस संपर्काबाहेर कसा म्हणायचा?

"मी लिहितो की अर्ज, त्यात काय एवढं!" असं म्हणून शिवाजी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकणारी आमच्यातली एक पोरगी पुढे झाली. तिने काहीच लपवलं नाही. फोनवर उत्तर येतं, प्रकल्पावर येत नाही, असं स्पष्ट लिहिलं. नावाच्या मुद्द्यावर मामांच्या डबल क्लिकची हकिगत घातली, आणि आमच्या लायब्ररीवर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजं ती नावानेच मागवतात हेही. मला ती हकिगत जरा घरगुती वाटली होती. तिने काढली नाही, ते बरं केलं.

त्याच सुमारास, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं. दमलेल्या मूळ मेंटेनरला, म्हणजे कोड सांभाळणाऱ्याला, दोनेक वर्षं मदत करत 'जिया टॅन' नावाच्या कुणीतरी विश्वास मिळवला होता, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं होतं. त्याआधी काही अनोळखी नावं त्या मेंटेनरला टोचत होती, तुम्हाला वेळ नाही, दुसऱ्याला नेमा. ते ईमेल वाचून मी आमचे काढून पाहिले. सूर अगदी तोच! परक्या माणसाने आमच्यात आणि त्या टोळीत फरक करायचा तरी कसा? नावं सहज कुणाच्या हाती देत नाहीत यावर मी तोवर कुरकुरत होतो, ती कुरकुर तिथे थांबली.

पुढचं पटकन घडलं. पायपीआयकडून आमच्या मूळ डेव्हलपरला औपचारिक ईमेल गेला आणि त्याचा मला फोन आला. चिडलेला नव्हता, ओशाळला होता. बाहेरगावची नोकरी, घरी आजारपण. लॅपटॉप उघडला की साचलेले इश्यू बघूनच मिटावासा वाटायचा, म्हणाला. आम्ही इतकी वर्षं भिडेपोटी गोड बोलत राहिलो. त्याला लागत होती ती एक तारीख आणि एक ठरावीक काम, आणि ते परक्यांच्या ईमेलने दिलं.

आधी त्याने पायपीआयवर आम्हाला मेंटेनर केलं. त्या भूमिकेत आवृत्ती चढवता येते, पण आणखी कुणाला आत घेता येत नाही. उद्या आम्हीही गप्प झालो तर पुन्हा हेच, म्हणून दोघांना ओनर करून घेतलं. गिटहबवर ऑर्गनायझेशन, म्हणजे एक सामाईक खातं, काढून मूळ रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याच्या नोंदी, त्याच्याकडून तिथे ट्रान्सफर करवली. फोर्कसारखं यात काही सुटत नाही. इश्यू, स्टार सगळं सोबत येतं आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. आवृत्त्या आता ट्रस्टेड पब्लिशिंगने, म्हणजे थेट गिटहबवरून, जातात, त्यामुळे कुणा एकाच्या लॅपटॉपवरच्या टोकनवर, म्हणजे गुप्त किल्लीवर, काही अडत नाही.

डिस्टयूटिल्सची ओळ गेली, मामांची डबल क्लिक सुरू झाली. एका जुन्या फॉन्टचा, कुठलं अक्षर युनिकोडमध्ये कुठलं हे सांगणारा, तक्ता मात्र अजून आम्हाला कळत नाही, त्यात त्याने आकडे कुठून आणले कोण जाणे. विचारलं तर दोन दिवसांनी त्याचीच पुल रिक्वेस्ट आली, तक्ता नव्याने लिहिलेला. आमच्या पोरीने ती तपासली आणि खाली लिहिलं, "दादा, टेस्ट नाहीत. लिहा, मग घेतो." अजून लिहिलेल्या नाहीत.