सीसी एरर शून्य, एलएनबी निर्दोष सुटला

रविवारी सह्याद्रीवरचं नाटक पडदा पडेपर्यंत रेकॉर्ड झालं आणि टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सीसी एररच्या, म्हणजे वाटेत हरवलेल्या पॅकेटांच्या रकान्यात चक्क शून्य! चित्र एकदाही फुटलं नाही. आईला त्याचं विशेष काही नाही. नाट्यपंढरी सांगलीत नाटक अडखळू नये, एवढीच तिची अपेक्षा.

मागच्या वेळी रेकॉर्डिंगमध्ये चित्र फुटतं असं लिहिलं, तेव्हा बहुतेकांनी एलएनबी, म्हणजे डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग, बदलायला सांगितलं होतं. डिशचा केयू-बँड सिग्नल पावसात क्षीण होतो, तेव्हा पावसाळ्यात त्याच्यावर संशय जाणारच. पण एसएनआर (सिग्नलची स्वच्छता) जागचा हलत नव्हता, यूएनसी (दुरुस्त न झालेली पॅकेटं) शून्य, तरी १८८ बाइटच्या पॅकेटमधला ० ते १५ मोजणारा काउंटर, म्हणजेच सीसी, मध्येच उडी मारायचा. म्हणजे ट्यूनरपर्यंत माल नीट येत होता, सांडत होता तो पुढे. पुढे रास्पबेरी पाय ३ हा चिमुकला कॉम्प्युटर. ट्यूनर, हार्ड डिस्क, इथरनेट, तिघांची वाट एकच यूएसबी २.०, अंकलीच्या पुलावर एकच लेन चालू ठेवावी तसं. त्यात माझ्या ट्यूनरला हार्डवेअर पीआयडी फिल्टर, म्हणजे हवं तेवढंच चॅनेल गाळून घेणारी चाळणी, नाही. एक चॅनेल मागा, अख्खा मक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवरचा चॅनेलांचा गठ्ठा), सुमारे ४० एमबीपीएस, आत येतो. कागदावर यूएसबीला हे सहज झेपतं, पायच्या कंट्रोलरला नाही. लॅनची केबल काढून रेकॉर्डिंग लावलं, स्वच्छ. केबल जोडून आतल्या खोलीतल्या टीव्हीवर कोडी हे बघायचं सॉफ्टवेअर सुरू केलं की आकडा चढलाच!

विश्रामबागेतल्या जुन्या कॉम्प्युटरवाल्याकडून पायच्या जागी थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसात वापरतात तो छोटा कॉम्प्युटर, उचलला. नवा पाय केस, अॅडॉप्टर, कार्डासकट घ्यायचा म्हणजे निव्वळ हौस.

मिरजेच्या मामांकडे डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स बिघडला. बदलून मिळाला, पण नव्यानं जुनी डिस्क वाचलीच नाही, थेट फॉरमॅट मागितलं. रेकॉर्डिंग जुन्या बॉक्सच्या किल्लीनं कुलूपबंद, मामा बसले कपाळाला हात लावून. १९९९ ला टिवो, रिप्लेटीव्ही आले तेव्हा रेकॉर्डर वेगळा विकत मिळायचा. मग केबल-डीटीएचवाल्यांनी डिस्क आपल्याच बॉक्समध्ये घातली आणि सुटे रेकॉर्डर मागे पडले. कार्यक्रमांच्या वेळांचं गाइड मात्र कंपनीच्याच बॉक्सचं चांगलं, हे कबूल. माझ्याकडच्या फ्री डिशच्या ईपीजीवर, म्हणजे तसल्याच गाइडवर, मी विसंबत नाही. वेळ टाकतो, पुढेमागे दहा मिनिटं जादा.

आता दुसरा ट्यूनर मागवणार होतो. पण लिहितालिहिता वाटलं, अख्खा मक्स आत येतोच आहे, तर त्यातली हवी तेवढी चॅनेल एकाच ट्यूनरवर का नकोत? पायवर हिंमत नव्हती, थिन क्लायंटवर आहे. ट्यूनर रद्द, त्या पैशांत एसएसडी. आज रात्री एकाच मक्सवरची चार चॅनेल एकदम लावतो, आतला टीव्ही चालू ठेवून.