तेरेखोल ते पोळे, गाडीभाड्यासाठी

सासूबाईंचं डायलिसिस अडीच वर्षं चाललं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. उपचार सरकारी, त्याला पैसे पडले नाहीत. पण तिथवर जायला-यायला पडतातच, हे मला त्या दिवसांत कळलं. शेजारच्या खाटेवर सत्तरी तालुक्यातल्या एक काकी असायच्या. अंगात त्राण नसताना दोन बस बदलून घरी जायच्या. एकदा त्या आल्याच नाहीत. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "बस चुकली, रिक्षाला पैसे नव्हते." सासूबाई गेल्या, तरी ती रिकामी खाट काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणून या जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, नववीतला मुलगा आणि पाचवीतली लेक, गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत सायकलने गेलो. ओळखीच्यांनी किलोमीटरमागे कुणी ५, कुणी १० रुपये कबूल केले होते. सगळे पैसे अशा रुग्णांच्या गाडीभाड्याला जाणार होते.

टेम्पोत सायकली घालून फोंड्याहून तेरेखोल गाठलं. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथल्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, ते मुलांना तिथेच उभं राहून सांगितलं. मग फेरीबोटीने केरीला उतरलो आणि हरमल, मांद्रे करत निघालो.

शिवोलीत मागून पोंय-पोंय ऐकू आलं. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला! कॅरियरवर निळ्या प्लास्टिकने झाकलेली पाटली, म्हणजे पावांची टोपली. आमच्या बरोबरीने येत त्याने विचारलं, "खंय वता तुमी?"

लेक ओरडली, "पोळेंक!"

"पोळेंक? सायकलीर?" त्याने ब्रेकच मारला. कशासाठी ते ऐकल्यावर पाटली उघडली. आत पाव, गोल उंडे, बांगडीसारखी पावाची कांकणं, आणि भट्टीचा तो ऊबदार वास. चौघांच्या हातात एकेक कांकण ठेवलं, पैसे घेतले नाहीत. उलट खिशातून शंभराची चुरगळलेली नोट काढून लेकीला दिली. रोज पहाटे सायकल मारून पोट भरणारा माणूस तो. मला बोलताच येईना. लेकीने कांकण हँडलला अडकवलं, ते पोळेपर्यंत तिथेच होतं.

रात्री पणजीत नणंदेकडे मुक्काम. सकाळी पाटोचा पूल ओलांडून रायबंदरचा रस्ता धरला. १६३४ चा हा बांध, डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं. ना चढ, ना उतार. आख्ख्या प्रवासात सायकलला इतका गुणी रस्ता दुसरा नाही. पुढे जुनं गोवं, मंगेशीला दर्शन, फोंड्यात आपल्याच घरी वरणभात, आणि बोरी पूल ओलांडून मडगाव.

तिसऱ्या दिवशी करमल घाट. बाळ्ळी मागे पडली आणि झाडी दाटली. वळणावर ट्रक आला की चौघंही कडेला उभे. तिसऱ्या वळणावर लेकीची चेन उतरली. नवऱ्याने ती बसवली, पण ही खाली बसली ती उठेना. पाय थरथरत होते. मी म्हटलं, "गाडी बोलावू का गं?" तिने पाण्याचे दोन घोट घेतले नि विचारलं, "त्या आजी कशा जायच्या गं, दोन बस बदलून?" मी म्हटलं, "बसत-उठत." मग तीही तशीच चढली. वीस पावलं ढकलायची, थांबायचं, परत वीस पावलं. मुलगा पुढे गेलेला, तो परत खाली आला आणि तिच्या सायकलला मागून हात लावून चालला. माझ्या हातात नुसती माझी सायकल होती, आणि मला ती जड झाली होती.

उतारावर वारा कानात भरला. काणकोणच्या चावडीत भाजीपाव खाल्ला, आणि उन्हं कलताना पोळेच्या चेकनाक्यापाशी पोचलो. मीटरवर १४८ किलोमीटर.

पैसे ६३,००० जमले, पोदेराची नोट धरून. ती नोट लेक द्यायला तयार नव्हती, शेवटी दिली. आता चार रुग्णांची रिक्षा ठरवली आहे. सत्तरीतल्या काकींसाठी ती सोमवारी पहिल्यांदा गेली, पहाटे साडेपाचला.