तुम्ही विचारलंत म्हणून: दोन पोलीस, एक गाडी

"पाटील, तुम्ही त पोलिसायसंग फिरता. मंग सांगा ना, थे दोन पोलिसायचे पिक्चर चांगले रायते का नुसते भंकस?"

हा प्रश्न मला पानठेल्यावर येतो, राशनच्या दुकानात येतो, एकदा तर मयतीत सरण रचलं जात असताना आला. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावचा पोलीस पाटील. मला हे पिक्चर आवडतात हे आमच्या टीव्हीच्या आवाजावरून अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. एक बडबड्या, एक घुम्या, दोघांचं पटत नाही, साहेब दोघांना एका गाडीत कोंबतो, मग पाठलाग, हाणामारी, टिंगलटवाळी आणि शेवटी जिवाभावाची दोस्ती. या प्रकाराला बडी कॉप म्हणतात हे मला पुतण्याने सांगितलं. नाव कळायच्या आधी मी असे कितीतरी बघून बसलो होतो.

पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे, हे आधी सांगून टाकतो. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला गावातलाच माणूस तो. वर्दी नाही, दंडुका नाही, मानधन तेवढं आहे. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं, बीट जमादार आले की सोबत फिरायचं, पंच शोधून द्यायचे. पंच शोधणं सगळ्यात कठीण. पंचनामा म्हटलं की ज्याच्या अंगात सकाळपासून बैलाचं बळ असतं त्यालाही कंबरदुखी होते. तर मी पोलिसांना जवळून बघतो, पण त्यांच्यातला नाही. या पिक्चरांबद्दल बोलायला ही जागा बरी आहे.

माझं उत्तर असं की या पिक्चरांत जोडी खरी असते आणि पोलीस खोटे असतात. दोघं एकमेकांशी भांडत असतात तोवर मी मांडी घालून बघतो. ते 'पोलीस' व्हायला लागले की माझं लक्ष चुलीवरच्या चहाकडे जातं.

उदाहरणाला 'रश अवर' घेतो, कारण हिंदी डबिंगमध्ये तो आमच्याकडे लहानथोर सगळ्यांनी पाहिलाय. 1998 चा पिक्चर, दिग्दर्शक ब्रेट रॅटनर. लॉस एंजेलिसमध्ये चिनी वकिलाच्या लहान मुलीला पळवून नेतात. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, त्यांच्या सरकारचा तिथला प्रतिनिधी. त्याचा विश्वास हाँगकाँगच्या इन्स्पेक्टर लीवर, म्हणजे जॅकी चॅनवर. पण तिथल्या एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याला, बाहेरचा माणूस मध्ये नको. मग त्याला गुंतवून ठेवायला ते शहर पोलिसातला कार्टर नावाचा एक डोकेदुखी माणूस मागवतात, म्हणजे ख्रिस टकर. कार्टरला वाटतं मोठी केस मिळाली. प्रत्यक्षात त्याला पाहुणा सांभाळायला दिलेला असतो.

पिक्चरचं पहिलं बलस्थान इथेच आहे. दोघंही नको असलेली माणसं आहेत. दोघांनाही वरच्यांनी बाजूला सारलंय, फक्त एकाला ते कळलंय आणि दुसऱ्याला उशिरा कळतं. कार्टर विमानतळावर लीशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतो, कारण याला इंग्रजी येत नाही असं त्याने स्वतःच ठरवलेलं असतं. ली गप्प राहतो. बोलू देतो, ऐकून घेतो. पुढे कळतं की त्याला सगळं समजत होतं, त्याने फक्त समोरच्याचा समज मोडला नाही. आमच्याकडे नवा साहेब बदलून आला की निम्मं गाव त्याच्यापुढे पहिले काही महिने असंच ली होऊन बसतं.

जोडी खरी असते हे मी पिक्चर बघून म्हणत नाही. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे आमच्या जमादारांचं बरंचसं आयुष्य मोहाच्या दारूमागे जातं. आमच्या बीटवर मध्यंतरी दोघं यायचे, एकाच मोटारसायकलवर. एक इतका बोलका की त्याने पाणी मागितलं तरी त्यात पाऊस, कापसाचा भाव आणि तुमच्या साल्याच्या लग्नाचं काय झालं एवढं सगळं यायचं. दुसरा दिवसभरात "हं" आणि "चला" एवढंच बोलायचा. एका धाडीत मी सोबत होतो. नाल्याच्या काठावर नुसती वाळू, दोन झुडपं आणि कपडे धुणाऱ्या बाया. बोलका तिथेच दगडावर बसला आणि त्यांच्या पोराबाळांची चौकशी करू लागला. बाया हसत होत्या, उत्तरं देत होत्या, पण दर थोड्या वेळाने एकीची नजर पळसाच्या एका झुडपाकडे जाऊन येत होती. घुम्याने ती नजर टिपली होती. तो लोखंडी सळाख घेऊन तिकडे गेला आणि वाळूत टोचत राहिला. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी सळाख अडली. वाळू सारली तर खाली प्लास्टिकचा निळा ड्रम, तोंडाला पोतं बांधलेलं, आत सडवा, म्हणजे दारूसाठी आंबत घातलेला मोह. झाकण निघालं आणि त्या आंबूस वासाने मी चार पावलं मागे आलो. वरून बुडबुडे फुटत होते. बोलका अजून कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाबद्दलच बोलत होता.

एकाने तोंड चालवायचं, दुसऱ्याने डोळे. 'रश अवर' यावरच उभा आहे. कार्टरची बडबड नुसती हसवायला नाही. तिच्या आडोशाने ली काम करतो. ज्या पिक्चरात दोघंही बडबडे असतात तिथे हे जमत नाही, नुसता गलका होतो.

दुसरं बलस्थान मारामारी. बहुतेक मारधाड विनोदी पिक्चरांत विनोद थांबतो, मग मारधाड सुरू होते, ती संपली की पुन्हा कुणीतरी कोटी करतं. जॅकी चॅनचं तसं नाही. त्याचा फटका हाच विनोद असतो. शेवटाकडे चिनी प्राचीन वस्तूंच्या प्रदर्शनात हाणामारी होते. गुंड अंगावर येतायत आणि ली लाथा मारता मारता पडणारे किमती कलश सावरतोय. लग्नाच्या पंगतीत भांडण लागलं तरी वाढपी हातातली कढी सांडू देत नाही, तसा. दोन-तीन मिनिटांत हा माणूस कोण आहे ते कळतं. त्याला स्वतःच्या हाडांची फिकीर नाही, आपल्या देशातून आलेल्या ठेव्याची आहे. एक शब्द न बोलता. शिवाय त्याला लागतं, तो हात झटकतो, कळवळतो. हिंदीतला हिरो दहा जणांना लोळवतो आणि केसही विस्कटत नाही, त्याच्यापुढे हे मला फार माणसासारखं वाटतं.

आणि हो, पिक्चर शंभर मिनिटांच्या आत संपतो. लाइट जायच्या आत पुरा होणारा पिक्चर हा आमच्याकडे गुणच धरला जातो.

आता दुसरी बाजू. खलनायक पोकळ आहे. एक सभ्य, इस्त्रीबंद इंग्रज साहेब पहिल्या अर्ध्या तासात उगाचच दोनदा दिसतो, तेव्हाच आमच्या आईने, जिला कथा नीट माहीतही नव्हती, बोट दाखवून सांगितलं, "यानंच नेली असन पोरगी." बायांना काम नाही. बॉम्ब निकामी करणारी एक हुशार पोलीस बाई आहे, पण तिच्या वाट्याला बहुतेक वेळ कार्टरचे टोमणेच येतात. वरचा साहेब ओरडतो, दार आपटतो. हा ओरडणारा साहेब तर सगळ्या अशा पिक्चरांत एकच आहे, फक्त टाय बदलतो.

चिनी माणसांच्या बोलण्यावर, खाण्यावर, दिसण्यावर केलेले विनोदही आता घशाखाली उतरत नाहीत. लीच्या बाजूनेही काळ्या माणसांवर एक-दोन येतात, म्हणजे हिशेब बरोबर झाला असं लिहिणाऱ्यांना वाटलं असावं. आम्हाला यातली बोच चांगली कळते. मुंबई-पुण्याच्या नाटका-पिक्चरात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा गडी तरी असतो नाहीतर अर्धवट तरी. लोक त्याने काय म्हटलं यावर हसत नाहीत, तो कसं बोलला यावर हसतात.

पण हे सगळं मी सोडून देतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. या पिक्चरांत पोलिसाने नियम मोडला की तो विनोद ठरतो. सुरुवातीलाच कार्टर स्फोटकांच्या सौद्यात घुसतो आणि भर रस्त्यात गाडी उडते. शिक्षा काय, तर पाहुणा सांभाळ. खऱ्या पोलिसाने एक गोळी झाडली तर रिकामं काडतूससुद्धा मोजून द्यावं लागतं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, त्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालं. आता आमचे जमादार मोबाइल धरून उभे असतात, पंच शाळेच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ, आणि मागे कुणाची तरी कोंबडी मुद्देमालावर चढते. त्या बोलक्या जमादाराला मी एकदा असा एक पिक्चर दाखवला. त्याचा पहिला प्रश्न, "पाटील, याइच्या गाडीत पेट्रोल कोन टाकते?"

गाड्या उडाल्या तर उडोत. गोष्टच आहे ती. पण संशयिताला खुर्चीला बांधून, गच्चीवरून उलटं टांगून बोलतं करायचं आणि थिएटरने खिदळायचं, हे मला पचत नाही. ठाण्यात बंद दाराआड काय होतं हा विदर्भात हसण्याचा विषय नाही. मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. तिथेही पोलीस दोनच होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सोडून दिलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आमच्याकडच्या जुन्या बाया आजही पोरीला एकटी ठाण्यात पाठवत नाहीत, माझ्यासोबतसुद्धा नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

'रश अवर'ला इथे निम्मे मार्क द्यावे लागतात. कोठडीतल्या माणसाकडून माहिती काढायची वेळ येते तेव्हा ली त्याच्या अंगाला हात लावत नाही. पळवलेल्या लहान मुलीचा विषय काढून त्याला लाज वाटायला लावतो, आणि तो बोलतो. आमचा बोलका जमादारही असाच बोलतं करायचा. पण पुढच्याच पाच मिनिटांत पिस्तुलं निघतात आणि हे विसरलं जातं.

गोळीचं वजन काय असतं हे ज्याला बघायचंय त्याने जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 1949 चा 'स्ट्रे डॉग' शोधावा. तोही दोन पोलिसांचाच, एक कोवळा, एक मुरलेला. कोवळ्याचं पिस्तूल गर्दीत चोरीला जातं, त्यात सात गोळ्या. बाहेर कुठे गोळी चालली की याच्या पोटात गोळा येतो, कारण ती याच्याच पिस्तुलातली असू शकते. यात विनोद फारसा नाही. पण पुढच्या सगळ्या जोड्यांची मुळं मला इथे दिसतात. हॉलिवूडने 1987 च्या 'लीथल वेपन'मध्ये साचा पक्का केला आणि मग तोच चालवला.

त्याच 1987 मध्ये आपल्याकडे महेश कोठाऱ्यांचा 'दे दणादण' आला. पोळ्याच्या रात्री वर्गणी काढून व्हिडिओ आणला की पोट्ट्यांची पहिली मागणी हीच असायची. लक्ष्या साधा पोलीस, त्याला मारुतीची शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. कल्पना बाहेरून आलेली, एका इटालियन पिक्चरात असंच आहे. पण अमेरिकन जोड्यांना जे जमत नाही ते इथे सहज होतं. ताकद दिली, सोबत तिचा लगामही दिला. कुठे कुणी लाल लुगडं नेसून येईल या धास्तीनेच निम्मं हसू येतं. बंदुका फारशा लागतच नाहीत.

तर 'रश अवर' बघायचा की नाही? पहिला बघा. 2001 चा दुसरा चालतो. 2007 च्या तिसऱ्याच्या वेळी झोप येत असली तर खुशाल झोपा. पण पहिल्याच्या शेवटी नावं सुरू झाली म्हणून उठू नका. शूटिंगमध्ये झालेल्या चुका तिथे दाखवतात. सबंध पिक्चरभर जॅकीच्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या टकरला तिथे एक छोटंसं चिनी वाक्य काही केल्या बोलता येत नाही, आणि जॅकी पोटभर हसून त्याची फिरकी घेतो. टीव्हीवाले नेमकं तेवढंच कापून जाहिराती लावतात, म्हणून मोबाइलवर बघा.